सातवीपासून स्वतःचा लॅपटॉप: ‘परवडत नाही’ ही सबब आहे?

रामबागची आई

काल शाळेच्या नव्या नियमावर बोलणं चाललं होतं, तेव्हा सुदामानगरकरांनी लिहिलं: “सातवीपासून प्रत्येक मुलानं आपला लॅपटॉप आणावा हे योग्यच आहे. घरात दोन-दोन स्मार्टफोन असतात, तेव्हा लॅपटॉप परवडत नाही ही सबब आहे.” रात्री झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझा मुलगा सातवीत आहे. सर्क्युलर मिळालं त्या दिवशी त्यानं मला ते दाखवलंच नाही. तिसऱ्या दिवशी धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात सापडलं, चार घड्या घातलेलं. विचारलं तर म्हणाला, “बाबांचं आत्ताच ऑपरेशन झालंय ना.” बारा वर्षांचं पोर घरखर्चाचा हिशेब करतंय. त्याला सबब म्हणू नका.

त्याच्या वर्गात आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, आलेली गरीब घरांतली मुलंही आहेत. 2009 च्या या कायद्यानं खासगी शाळांत सुरुवातीच्या वर्गाच्या 25 टक्के जागा त्यांना दिल्या. आठवीपर्यंतच्या शिक्षणात आडवा येईल असा कुठलाही खर्च मुलांवर टाकता येणार नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मग त्यांचा लॅपटॉप कोण घेणार? सर्क्युलरमध्ये यावर एक ओळ नाही. आपल्या मध्य प्रदेशात एमपी बोर्डाच्या बारावीत 75 टक्के मिळाले की सरकार लॅपटॉपसाठी 25,000 रुपये देतं. म्हणजे बारावीपर्यंत पोचलेल्या हुशार मुलाच्या घरीही लॅपटॉप नसेल, हे सरकारला कळतं. शाळा मात्र तो सातवीतच धरून चालते.

सुदामानगरकर

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. ‘सबब’ हा शब्द मागे घेतो, मुद्दा नाही.

माझी मुलगी अकरावीत आहे, सीबीएसई, कॉम्प्युटर सायन्स. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, 30 मार्कांचं प्रॅक्टिकल. दहावीपर्यंत लॅबमध्ये एका मशीनवर तिघं बसायची. एक टाइप करायचा, दोघं बघायची. माझी मुलगी कायम बघणाऱ्यांतली, कारण शेजारचा मुलगा कीबोर्ड सोडायचाच नाही. घरी लॅपटॉप आला तेव्हा पहिल्याच प्रोग्राममध्ये तिचा एक कोलन राहिला. अर्धा तास ती एरर शोधत बसली, मी मुद्दाम सांगितलं नाही. सापडल्यावर ओरडत स्वयंपाकघरात आली. दुसऱ्याचे हात बघून हे कधी आलं नसतं.

आणि मीही नवा घेतलेला नाही. एका ऑफिसनं काढून टाकलेला, 4 जीबी रॅमचा, 9,000 ला मिळाला. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणून ऑफिसं चालते लॅपटॉप काढून टाकताहेत. त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकलं, पायथन मजेत चालतं.

फळा आणि खडू

मी शिकवते, म्हणून वर्गातलं सांगते. आधीच्या शाळेत आठवीला हा प्रयोग झाला होता. 38 मुलं आणि वर्गात प्लग पॉइंट दोन. एकाचा लॅपटॉप अपडेट घेतोय, एकाच्या वडिलांनी पासवर्ड बदललाय, तिघांचं वाय-फाय लागत नाही, कुणाकडे मॅक, कुणाकडे विंडोज 7. मी घड्याळ लावून मोजलं: 40 मिनिटांच्या तासातली 17 मिनिटं नुसती चालू करण्यात गेली. तेवढ्यात फळ्यावर दोन गणितं झाली असती.

एक दिवस एक्स्टेंशनच्या वायरीत पाय अडकून एक मुलगी पडली, बाकावरचा लॅपटॉप तिच्याबरोबर खाली आला आणि स्क्रीन गेली. भरपाई कुणी द्यायची यावरून दोन घरांत झालेलं भांडण मी मधे उभी राहून ऐकलं. ती मुलगी पुढचे आठ दिवस शाळेत आली नाही.

पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2022 ला भारत नव्हता, पण आकडे बघण्यासारखे आहेत. शाळेत शिकण्यासाठी रोज तासाभरापर्यंत डिव्हाइस वापरणारी मुलं अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात 14 गुणांनी पुढे होती. आणि शेजारच्याच्या डिव्हाइसकडे लक्ष जाणारी 15 गुणांनी मागे.

सुदामानगरकर

14 गुणांनी पुढे, हे तुम्हीच लिहिलंय.

फळा आणि खडू

‘तासाभरापर्यंत’ हेही मीच लिहिलंय, दादा. तेवढ्यासाठी लॅपटॉप दिवसभर दप्तरात घेऊन फिरायची गरज नाही. 2020 च्या दप्तर धोरणानं सहावी-सातवीच्या दप्तराचं वजन 2 ते 3 किलो ठरवलंय. लॅपटॉप आणि चार्जर घातला की पुस्तकांना काय उरलं?

जुना टंकलेखक

आणायचा की नाही यावर सगळे बोलताय. त्यावर मुलं लिहिणार कुठल्या लिपीत, हे कुणी विचारून राहिलंय का? तीस वर्षं मी रेमिंग्टन टाइपरायटरवर हिंदी टाइप केलं. आज माझा भाचेजावई इंजिनिअर आहे आणि मला ‘kaka kase aahat’ असं इंग्रजी अक्षरांत पाठवतो. शाळेनं लॅपटॉप मागवलेत ना, मग पहिले सहा महिने देवनागरी टायपिंग शिकवा.

सुखलिया

काका, आता इंग्रजी अक्षरांत लिहिलं की फोन स्वतःच देवनागरी करून देतो. बोललं तरी उमटतं. शिकायचं कशाला?

जुना टंकलेखक

कशाला? ‘bal’ लिहून बघ. बाल, बळ, बाळ, बल. यातलं तुला कुठलं हवंय ते मशीन ठरवणार. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर तू ठरवतोस. आणि नोकरीचंही ऐक, सीपीसीटीत, म्हणजे राज्याच्या सरकारी नोकऱ्यांसाठीच्या कॉम्प्युटर परीक्षेत, हिंदी टायपिंग इनस्क्रिप्टवर नाहीतर रेमिंग्टन गेल कीबोर्डवरच द्यावं लागतं. तुझ्या वयाची पोरं त्यासाठी क्लासला पैसे भरतात.

फळा आणि खडू

काकांचं पटतंय. माझ्या 2011 पासूनच्या प्रश्नपत्रिका कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण तो फॉन्ट त्यात नाही. दहा वर्षांची मेहनत आता परत टाइप करायची.

सुखलिया

म्हणजे जुन्या लोकांनी चुकीचा फॉन्ट धरला आणि शिक्षा आम्हाला?

जुना टंकलेखक

तेव्हा जे होतं त्यावर आम्ही काम केलं! इंदुरात राहून मराठी टिकवली ती आम्ही. तुमच्या घरातली पोरं ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतात, त्याची लाज वाटू द्या.

रामबागची आई

काका, माझ्या घरात कोण काय म्हणतं हे तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी मुलाला समोर बसवून रामरक्षा म्हणवून घेतात. आणि हा धागा त्या मुलाच्या लॅपटॉपसाठी काढलाय. तो तुम्ही टायपिंगला लावलात.

जुना टंकलेखक

तुम्हाला नव्हतं म्हणायचं, ताई. चुकलं माझं.

राग का येतो ते सांगतो. माझी नात चौथीत आहे. सुट्टीत तिला माझ्या कॉम्प्युटरवर बसवलं. ‘शाळा’ लिहायचं होतं. शिफ्ट धरून एम म्हणजे श, मग ई म्हणजे काना. पुढे ती एन दाबायची आणि ल उमटायचा. चार वेळा ‘शाला’ झालं. मी म्हटलं, शिफ्ट सोडू नकोस. तिनं करंगळीनं शिफ्ट दाबून धरलं, जीभ दातात धरली आणि ळ उमटला. मग तिनं अख्खी ओळ ळळळळ अशी भरून टाकली. त्या दिवसापासून ती ळ नीट म्हणते. म्हणून मी लॅपटॉपच्या विरोधात नाही.

सुखलिया

काका, मी आत्ता विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट चालू करून हे लिहितोय. या दोन वाक्यांना सहा मिनिटं लागली. पण ळ आला.

सुदामानगरकर

ताई, आरटीईच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो. फळा-खडू मॅडमचं प्लग पॉइंटचंही मान्य. लॅपटॉप हवाच, यावर मी ठाम आहे. पण सगळ्यांनी आणायचाच असेल तर शाळेनं आधी वायरिंग करावं, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना शाळेतच वापरायला द्यावा. सक्ती तोवर नको. शनिवारच्या पालक मीटिंगसाठी अर्ज लिहा, माझी सही घ्या. आणि ऑफिसनं काढलेला आणखी एक लॅपटॉप माझ्याकडे पडून आहे, बॅटरी बदलावी लागेल. मुलाला आवडला तर बघा.

रामबागची आई

सही घेईन. लॅपटॉपचं मुलाला विचारून सांगते, त्याला मिंधेपण वाटायला नको. अर्जात पहिली ओळ आरटीईच्या मुलांबद्दल राहील.

जुना टंकलेखक

मजकूर पाठवा, टाइप मी करून देतो. युनिकोडमध्ये, त्याला कृतिदेवसारखा खास फॉन्ट लागत नाही, म्हणजे शाळेच्या कॉम्प्युटरवरही उघडेल.