तालुक्याच्या महाविद्यालयाने परिसरासाठी काय करावे?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील पदवी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाचा सोयाबीन, कापूस आणि कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या गावांशी फारसा संबंध येत नाही, असे पालक म्हणून मला जाणवते. कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे परिसराच्या गरजेप्रमाणे कौशल्याचे अभ्यासक्रम देणाऱ्या महाविद्यालयाची, कल्पना मराठवाड्यात उपयोगी पडेल का?

प्रतिसाद १ : महाविद्यालयाने परिसर बदलल्याचा अनुभव आपल्याला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले आणि जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले, त्याने ज्यांच्या घरात कोणी शाळेची पायरीही चढले नव्हते अशा मुलांना पदवीचा दरवाजा उघडला. मराठवाडा विद्यापीठ तर त्यानंतर, 1958 मध्ये आले.

प्रतिसाद २ : इतिहास मान्य, पण आपला प्रश्न आजचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कम्युनिटी कॉलेज योजनेत स्थानिक उद्योगांच्या सहभागाने कौशल्याधारित प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम अपेक्षित आहेत. त्यामुळे जालन्यात बियाणे तपासणी, लातुरात डाळमिलच्या यंत्रांची देखभाल असे विषय सहज सुचतात. (शेवटच्या एसटीची वेळ पाहून तासिका ठेवाव्यात, हे मात्र कोणत्याही योजनेत लिहिलेले नसते.)

प्रतिसाद ३ : बीडकडे दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्या मुलांसाठी पावसाळ्यातच पूर्ण होणारे छोटे अभ्यासक्रम नसतील, तर पटावर नावे राहतील आणि वर्ग रिकामे दिसतील.