झबील पार्क: हिरवळीला पाणी कुठून?

कुणीतरी विचारलंय, दुबईचं झबील पार्क पिण्याच्या पाण्यावर पोसतात का? नाही. दुबईतल्या बागांना मुख्यतः प्रक्रिया केलेलं सांडपाणी देतात. समुद्राचं गोडं केलेलं पाणी साडेसत्तेचाळीस हेक्टरच्या बागेवर ओतणं परवडण्यासारखं नाहीच.

खरी डोकेदुखी क्षारांची. हे प्रक्रिया केलेलं पाणी जरा खारट असतं. उन्हात ते उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ठिबकच्या तोटीभोवती पांढरी पापडी दिसली आणि पानांच्या कडा करपल्या, की समजावं मुळांशी मीठ साठलंय. अशा वेळी पाणी कमी करणं चूक. उलट अधूनमधून गरजेपेक्षा जास्त सोडून मीठ मुळांखाली ढकलावं लागतं. वाळूत निचरा चांगला, म्हणून हे जमतं. झाड वाढलं की तोट्या बुंध्यापासून लांब सरकवायच्या, फिल्टर धुवायचे. नाहीतर शेवाळाने भोकं बुजतात. फवारे भर दुपारी नकोत, थेंब पानावरच सुकून डाग पडतात. रात्री पाणी दिलेलं असतं, तेव्हा सकाळी लवकर जाणाऱ्यांनी चटई प्लॅस्टिकच्या अस्तराची न्यावी!

जाताना बागेच्या प्रवेशासाठी नोल कार्डात (दुबईच्या मेट्रो-बसचं प्रीपेड कार्ड) पैसे ठेवा. आतल्या दुबई फ्रेमचं, म्हणजे चौकटीच्या आकाराच्या उंच इमारतीचं, तिकीट मात्र वेगळं.