भाकरी मिळते, टेम्पोचं डिझेल मिळत नाही
‘परदेशी पैसा आटला म्हणून काय बिघडलं, कोल्हापूरकर भाकरी घेऊन धावतातच की’ असं पुरातल्या मदतीबद्दल आणि संस्थांच्या आटलेल्या निधीबद्दल काही जण म्हणतात, ते निम्मं खरं. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत मी स्वतः कपड्यांचे ढीग उपसलेत (त्यात एक शेरवानीपण निघाली!). पण टेम्पोचं डिझेल आणि कायम राबणाऱ्या माणसाचं मानधन कुणी दान देत नाही.

आणि सगळे अमेरिकेनं २०२५ मध्ये परदेशी मदतीत केलेल्या कपातीवरच बोलताय. लहान स्वयंसेवी संस्थांना दणका त्याआधीच बसलाय. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा आपला कायदा, बदलला. मोठ्या संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायची सोय बंद, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून थेट २० टक्के. आमच्या ओळखीच्या एका संस्थेतल्या ताईंकडे गल्लीवार वही होती: अंथरुणाला खिळलेली म्हातारी कुठे, आठवा महिना कुणाला, इन्सुलिन कुणाला. या बदलानंतर त्यांचं मानधन थांबलं, ताई इचलकरंजीला शिलाईच्या कामाला लागल्या. जुलै २०२१ ला परत पाणी चढलं तेव्हा बोट होती, पोरं होती, पण आधी कुठल्या दारात जायचं तेच कळेना. शेवटी ताईंनाच फोन लावला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पाठ असलेली नावं सांगितली, तीही फुकटच.