मदत हवी आहे: झोपेसाठी क्वेटियापिन दिली आहे, घ्यावी का?

नमस्कार. वय ३९, नाशिक, सकाळच्या शाळेत शिक्षिका आहे. साडेसहाला स्कूटर काढावीच लागते. दिवाळीनंतर कधीतरी रात्री दचकून जाग यायला लागली. छातीत धडधड, तळहातांना घाम, आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटणं. पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं, पण मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. हल्ली तर आज पुन्हा होणार, या धास्तीनेच झोप उडते.

आधी सगळ्यांनी गॅस ठरवला. पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल सुरू झाली, ती अजून चालू आहे. मग ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल आलं. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पॅनिक डिसऑर्डर असल्याचं सांगून सकाळी एस्सिटालोप्रॅम (पॅनिक-नैराश्यावरची गोळी) ५ मिग्रॅ आणि रात्री क्वेटियापिन २५ मिग्रॅ लिहून दिली.

एस्सिटालोप्रॅम घेतेय. क्वेटियापिनची स्ट्रिप मात्र तशीच कपाटात आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून "पेशंट कोण?" असं आवाज खाली आणून विचारलं, तिथेच पोटात गोळा आला. घरी येऊन वाचलं तर स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर. नवरा म्हणतो, डॉक्टरांनी दिलीय ना, घे. सासूबाईंना औषधाचं नावही सांगितलेलं नाही, ती 'वेड्यांची गोळी' ठरायला वेळ लागणार नाही.

गोळीच्या नावाला मी घाबरत नाहीये. दुसऱ्या बाळंतपणात माझी साखर वाढली होती, आई मधुमेही आहे, आणि या औषधाने वजन आणि साखर वाढते असं सगळीकडे लिहिलंय. २५ मिग्रॅ म्हणजे इतका कमी डोस की काळजीचं कारणच नाही? की झोपेसाठी हे औषध देणंच चूक आहे? कुणी घेतली असेल तर खरं काय ते सांगा. 'डॉक्टरांना विचारा' हे कळतंय, विचारणारच आहे, पण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. नेमकं काय विचारायचं ते ठरवून जायचंय.

प्रतिसाद १

ताई, मी घेतली आहे, ५० मिग्रॅ, कामाच्या ताणात झोप पूर्ण गेली होती तेव्हा. पहिल्या रात्रीच मेल्यासारखा झोपलो, त्याबद्दल औषधाला दुवाच देईन. पण सकाळी डोकं जड, दहापर्यंत धुकं. तुम्ही साडेसहाला गाडी चालवता, हे आधी बघा. दुसरं म्हणजे भूक. रात्री गोळी घेतल्यावर अर्धवट झोपेत डबे उघडून चिवडा-फरसाण खायचो, सकाळी बायको सांगायची तेव्हा कळायचं. पॅन्ट्स कमरेत बसेनाशा झाल्या. बंद करताना डॉक्टरांनी हळूहळू उतरवली तरी काही रात्री आधीपेक्षा वाईट गेल्या, मग बसलं सगळं. मला पॅनिक नव्हतं, त्यामुळे त्या बाबतीत बोलत नाही.

प्रतिसाद २

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून औषध घ्या किंवा घेऊ नका असं इथे सांगणार नाही. विचार कशाकशाचा करायचा, तेवढं सांगतो.

क्वेटियापिनला अमेरिकेत १९९७ मध्ये मंजुरी मिळाली ती स्किझोफ्रेनियासाठी, पुढे बायपोलरसाठी आणि नैराश्यात जोड-औषध म्हणून. तिथे डोस काहीशे मिग्रॅचे असतात. २५ मिग्रॅला ती मेंदूतल्या डोपामिनला फारसा हात लावत नाही, मुख्यतः हिस्टामिन अडवते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप यायची ती याच वाटेने. म्हणजे 'वेड्यांची गोळी' हे तुमच्या डोसला लागू नाही. पण 'नगण्य' हेही लागू नाही. कमी डोसवरही काहींचं वजन वाढतं, भूक वाढते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. रक्तदाब उभं राहताना पडू शकतो, रात्री बाथरूमला जाताना झटकन उठू नका असं आम्ही सांगतो ते त्यामुळे. हात-मान-जिभेच्या अनैच्छिक हालचालींचा दीर्घकालीन धोका या औषधात कमी आहे, शून्य नाही.

मग देतात कशाला? खरं सांगायचं तर क्लोनाझेपॅम किंवा अल्प्राझोलॅम द्यायचं टाळायला. त्या गोळ्यांची सवय लागते आणि सुटता सुटत नाही. शिवाय एस्सिटालोप्रॅमचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला धडधड-अस्वस्थता उलट वाढू शकते. तेवढा काळ निभावून न्यायला क्वेटियापिन दिली जाते. हा विचार मला समजतो, सरसकट मान्य नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं पॅनिक डिसऑर्डरमध्ये अँटिसायकॉटिक (क्वेटियापिन याच गटातली) देऊ नका असं सांगतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेनेही २०१३ च्या यादीत प्रौढांच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून ही औषधं नेहमीसारखी लिहू नका असं म्हटलंय.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाळंतपणातली साखर आणि आईचा मधुमेह, म्हणजे तुमचा पाया आधीच कच्चा आहे. औषध घेतलंत तर सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि लिपिड (रक्तातली चरबी) करून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा. दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे ती अॅसिडिटीची कॅप्सूल. डोम्पेरिडोन, एस्सिटालोप्रॅम आणि क्वेटियापिन, तिघंही ईसीजीतला क्यूटी नावाचा काळ लांबवू शकतात, आणि तो फार लांबला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकेकटं बहुतेकांना चालतं, तिन्ही एकत्र नको. कॅप्सूल फिजिशियनने दिली, गोळ्या मानसोपचारतज्ज्ञाने, दोघांना एकमेकांचं माहीत नसणार. चिठ्ठ्या एकत्र दाखवा. गॅस नव्हताच असं ठरलंय, तर ती कॅप्सूल अजून कशाला, हेही विचारा.

आणि हो, गोळी सुरू केल्यावर पाय स्वस्थ राहत नाहीत, एका जागी बसवत नाही असं वाटलं, तर ते पॅनिक वाढलंय असं समजून डोस वाढवून घेऊ नका. तो औषधाचाच परिणाम असू शकतो, लगेच कळवा.

अवांतर: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झोप येत नाही म्हणून तुमच्यातली अर्धी गोळी देऊ नका. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून तसा ठळक इशारा दिलेला आहे.

प्रतिसाद ३

इतकी केमिकलं कशाला? रोज रात्री कोमट दुधातून अश्वगंधा घ्या, पायाला तेल चोळा, मोबाइल बंद. माझी झोप त्यानेच आली.

प्रतिसाद २ चे लेखक

तेल आणि मोबाइलला +१. अश्वगंधा मात्र आपल्या मनाने नको. गुंगीच्या औषधांबरोबर गुंगी वाढू शकते, आणि थायरॉइड-यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. झाडाचं आहे म्हणून ते औषध नाही असं होत नाही.

प्रतिसाद ४

अवांतर आहे, पण राहवत नाही. हीच गोळी मंजुरी नसलेल्या आजारांसाठी खपवल्याच्या आरोपावरून मूळ कंपनी अॅस्ट्राझेनेकाने २०१० मध्ये अमेरिकी सरकारला ५२ कोटी डॉलर देऊन तडजोड केली होती. त्या आजारांत निद्रानाशही होता.

असो. मला पॅनिक होतं, म्हणून मुद्द्याचं लिहिते. मला गोळीपेक्षा सीबीटीने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) जास्त फरक पडला. धडधड सुरू झाली की मी नाडी मोजायचे, पाणी प्यायचे, खिडकी उघडायचे, नवऱ्याला उठवायचे. हे सगळं सोडायला शिकवलं, कारण त्याने मेंदूला 'खरंच संकट आहे' हाच निरोप जातो. थेरपिस्टने मुद्दाम जागच्या जागी धावायला लावून धडधड आणवली आणि ती आपोआप उतरताना बघायला लावली. पहिल्यांदा रडले. झोपेसाठी वेगळी सीबीटी असते, तिच्यात अंथरुणावर फक्त झोपायचं, पडून काळजी करायची नाही, जाग राहिली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, उठायची वेळ रोज तीच. त्यात झोपेचे तास सुरुवातीला कमी करतात. तुम्ही गाडी चालवता, ते मात्र कुणाच्या देखरेखीशिवाय करू नका. आणि दुपारनंतर चहा बंद. स्टाफरूममधला चारचा चहा सोडवत नाही हे माहितीये मला.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, किंवा जीव नकोसा वाटला, तर टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास असतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले. चार प्रश्न कागदावर लिहून नेले होते: ही गोळी झोपेसाठी की पॅनिकसाठी, किती काळ, साखरेचं काय, आणि थांबवायची कशी. कागद बघून ते आधी जरा वैतागले, मग खुर्ची पुढे ओढून बसले. बाळंतपणातली साखर त्यांना माहीतच नव्हती, मी सांगितली नव्हती कारण कुणी विचारलं नव्हतं. डोम्पेरिडोन लगेच बंद केली. क्वेटियापिन तूर्त सुरू करायची नाही, आधी एस्सिटालोप्रॅम हळूहळू वाढवायची, सोबत सीबीटी, आणि महिन्याने झोप बघून ठरवायचं. तेव्हा लागलीच तर थोड्या दिवसांपुरती, रक्त तपासून, आणि पहिली गोळी शनिवारी रात्री, म्हणजे रविवारी गाडी चालवायला नको.

नवऱ्याला हे फारसं पटलेलं नाही. रात्री मी उठून बाहेरच्या खोलीत बसते तेव्हा त्याचीही झोप जाते, त्यामुळे त्याचंही चूक म्हणवत नाही.

आता नवीन अडचण: डॉक्टरांकडे सीबीटी करणारं कुणी नाही. नाशिकमध्ये, किंवा ऑनलाइन पण मराठीतून, पॅनिक आणि झोप दोन्हींसाठी पद्धतशीर सीबीटी करणारं कुणी माहीत आहे का? नुसतं समुपदेशन नको, गृहपाठ देणारं हवं. शाळा एकला सुटते, त्यानंतरची वेळ चालेल. नाव-नंबर इथे न टाकता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.