मारतो तो जिवाणू

कुणीतरी लिहिलंय की सूत्रकृमी (मातीतले धाग्यासारखे बारीक कृमी) हुमणीला, म्हणजे झाडांची मुळं खाणाऱ्या अळीला, आतून कुरतडून मारतात. हे तितकंसं बरोबर नाही. हेटेरोऱ्हॅब्डायटिस या सूत्रकृमीची बारीक पिल्लं अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनरंध्रांतून आत शिरतात आणि पोटात सांभाळून आणलेले जिवाणू तिच्या रक्तात सोडतात. अळी दोन दिवसांत मरते ती मुख्यतः त्या जिवाणूंमुळे. कृमी मग ते जिवाणू आणि विरघळलेली अळी खाऊन वाढतात. यातली इंडिका ही जात तर आपल्याच देशातली, १९९२ मध्ये कोइमतूरच्या नमुन्यांवरून नोंदवलेली.

इंदूरला आमच्या गच्चीवरच्या गुलाबांच्या कुंड्यांत मी गेल्या पावसाळ्यात हे सूत्रकृमी वापरले. आठवड्याने माती उकरली तर हुमण्या विटेसारख्या लाल, मऊ, आणि कुजका वास अजिबात नाही! हा जिवाणू प्रतिजैविकं तयार करतो, म्हणून दुसरे जंतू तिथे फिरकत नाहीत. एक अळी ओल्या टीपकागदावर ठेवली. दोनेक आठवड्यांनी भिंगातून पाहिलं तर कडेच्या पाण्यात हजारो पांढरे धागे वळवळत होते. ज्यांना गुण आला नाही, त्यांनी सूत्रकृमी भर उन्हात तर नाही ना ओतले? ऊन आणि कोरडी माती यांनी ते लगेच मरतात. संध्याकाळी, माती भिजवूनच द्या.