यूडीआयडी मिळालं तरी जुने कागद जपाच

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आलं की बाकीची फाइल आवरून टाकली तरी चालते, असं एका ताईंनी लिहिलंय. कृपा करून तसं करू नका. आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी स्थिती) आहे. आधारवर तिच्या नावात वडिलांचं नाव होतं, दिव्यांगत्वाच्या जुन्या दाखल्यावर नव्हतं. एवढ्यावरून अर्ज परत आला. आधार, यूडीआयडी आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर ताडून बघा.

दाखला तात्पुरता असेल तर मुदत त्यावरच छापलेली असते. ती संपायच्या बरीच आधी फेरतपासणीसाठी अर्ज करा, आणि जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मूल १८ च्या जवळ आलं असेल आणि स्वतःचे व्यवहार त्याला झेपणार नसतील, तर कायदेशीर पालकत्वाचं आधीच बघा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली (सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठीचा कायदा) हा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. अठरानंतर आईवडिलांची सही आपोआप चालत नाही, हे बऱ्याच घरांत बँकेत गेल्यावरच कळतं.