मॉड्युलर सिंथेसायझर जुळवताना सिक्वेन्सर आधी ठरवायचा की शेवटी?

विश्रामबागकर (धागाकर्ता)
सांगलीत आम्ही तिघं मिळून युरोरॅक (सुटी मॉड्यूल एका पेटीत बसवून बनणारा सिंथेसायझर) जुळवतोय. ८४ एचपीच्या दोन ओळी, एवढंच नक्की झालंय. (१ एचपी म्हणजे ५.०८ मिमी रुंदी, म्हणजे एक ओळ साधारण ४३ सेंटिमीटर.) बाकी दोघं म्हणतात, आधी दमदार ऑसिलेटर (आवाज काढणारं मॉड्यूल) आणि फिल्टर (त्याचा पोत बदलणारं) घेऊ, सिक्वेन्सरचं (पायरीपायरीने सूर वाजवणाऱ्याचं) मागाहून बघू. मला हे साफ नामंजूर आहे. कुठला सूर, किती वेळ, आवर्तन कुठे संपणार, हे सगळं सिक्वेन्सरच्या हातात असतं. १६ पायऱ्यांत तीनताल आपसूक बसतो. पण रूपकाच्या ७ किंवा झपतालाच्या १० मात्रा हव्या असतील तर पायऱ्या मधेच तोडता यायला हव्यात, नाहीतर क्लॉक डिव्हायडरची (लयीचे ठोके भागणाऱ्या मॉड्यूलची) जागा आधीच धरून ठेवावी लागते.

त्याहून मोठा प्रश्न सुरांचा. बहुतेक डिजिटल सिक्वेन्सर सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. सूर व्होल्टेजने ठरतो: एका सप्तकाला १ व्होल्ट, त्यात शुद्ध गंधार ०.३३३ वर. शेजारच्या मिरजेत बनलेला तंबोरा लावून बसा, खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो ५:४ चा, म्हणजे ०.३२२ व्होल्टचा. १४ सेंटचा (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) फरक तंबोऱ्यासोबत लगेच टोचतो. म्हणून प्रत्येक पायरीला स्वतंत्र नॉब असलेला अ‍ॅनालॉग सिक्वेन्सर, डोप्फर कंपनीचा ए-१५५, सर्वांत आधी घ्यावा असं माझं ठाम मत.

मिरज जंक्शन
अहो, ए-१५५ एकटा ५० एचपी खातो! आणि पायऱ्या ८. रूपक बसेल, झपताल कुठून आणणार? त्यापेक्षा बीटस्टेप प्रो हा सुटा सिक्वेन्सर टेबलावर ठेवा. त्याला सीव्ही-गेट (सूर आणि त्याची सुरुवात-शेवट सांगणारे व्होल्टेज) आहेत, ६४ स्टेपपर्यंत जातो. केसमधली (मॉड्यूलच्या पेटीतली) जागा आवाजासाठी राहू द्या.

विश्रामबागकर
झपतालाचं मान्य, ८ पायऱ्या अपुऱ्याच. पण बीटस्टेपही शेवटी अर्ध्या सुरांच्या पट्टीवरच चालतो. गंधाराचं दुखणं तसंच राहतं.

तासगावचा
०.३३३ आणि ०.३२२ मध्ये फरक ०.०११ व्होल्टचा. नॉबला बोट लागलं तरी तेवढा सरकतो. शिवाय अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तापेपर्यंत स्वतःच हलत असतो, आपल्याकडचा एप्रिल-मे तर विचारूच नका. म्हणजे ज्या बारकाव्यासाठी निम्म्याहून जास्त ओळ देताय, तो टिकणारच नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऑसिलेटरमध्येच आहे. म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या ब्रेड्स या ऑसिलेटरमध्ये क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या ठरलेल्या सुरावर बसवणारा) आहे आणि त्यात भैरव, मारवा, श्री, यमन अशा रागांच्या पट्ट्या आधीच भरलेल्या आहेत. मूळ मॉड्यूल बंद झालं, पण आराखडा खुला असल्यामुळे इतरांनी बनवलेले मिळतात. सूर ऑसिलेटर सांभाळेल, सिक्वेन्सर कुठलाही चालेल. आधी ऑसिलेटर!

विश्रामबागकर
ब्रेड्सचा मुद्दा जोरदार आहे, तो यादीत घेतला. पण भरून दिलेली पट्टी म्हणजे दुसऱ्याने लावलेले सूर. सिक्वेन्सरच्या आउटपुटला अ‍ॅटेन्युएटर (व्होल्टेज कमी करणारा) लावून पल्ला एका सप्तकापुरता आवळला की नॉब इतका नाजूक राहत नाही. मग एकेक पायरी तंबोऱ्याशी कानाने मिळवायची, वाजवण्याआधी अर्धा तास. सतारिया तेच करतो आणि त्याला कुणी वेळ वाया गेला म्हणत नाही. मींडेसाठी पुढे स्ल्यू लिमिटर (व्होल्टेज हळूहळू सरकवणारा). यातलं काय लागणार हे सिक्वेन्सर ठरल्याशिवाय कळतच नाही, म्हणून तो आधी.

तासगावचा
मैफलीत दुसऱ्या रागाला परत अर्धा तास थांबणार का? मला नाही पटत. व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दोन्ही रचना कॉम्प्युटरवर वाजवून बघा, मग पैसे घाला.

मिरज जंक्शन
काहीही आधी घ्या, पण केसची ऑर्डर देण्यापूर्वी वीजपुरवठ्याच्या +१२ आणि -१२ व्होल्ट या दोन्ही बाजूंवर मॉड्यूल किती मिलिअँपिअर ओढतात ते वेगवेगळं मांडा आणि वर पाव हिस्सा मोकळा ठेवा. मॉड्यूलला वीज देणाऱ्या रिबन केबलची लाल कड -१२ कडे. उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं, सिक्वेन्सर असो की ऑसिलेटर.